पुढचा खेळ कधी?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे; जे जास्त बोललो ते काढलं आहे.)



सचिवांनी मला सांगितलं होतं, “काका, तुम्ही बँकेतले. ठेवी, वारसनोंद, सायबर फसवणूक यावर बोला.” मी म्हणालो, त्या विषयावर मी गेली दहा वर्षं लिफ्टमध्येसुद्धा बोलतोय. ज्यांना वारसनोंद करायची होती त्यांनी केली, ज्यांना करायची नाही ते जिना वापरतात. आज मला एका सिनेमागृहाबद्दल बोलू द्या. ते लातुरात नाही, नांदेडला नाही, पुण्याला आहे. पण ते लातूरपर्यंत कसं आलं आणि इथं माझ्या हातून कसं बंद पडलं, ते मला या वयात एकदा जाहीर सांगून टाकायचंय.

माझं बालपण नांदेडचं. सिनेमा म्हणजे टॉकीज, टॉकीज म्हणजे शिट्ट्या, सोडा-वॉटर आणि मध्यंतरातली भजी. पीपल्स कॉलेजातून बी.ए. झालो. कुरुंदकर गुरुजी तेव्हा कॉलेजात होते. त्यांचं बोलणं ऐकून डोक्यात बरंच काही शिरलं, पण सिनेमा ही विचार करायची गोष्ट आहे हे काही शिरलं नव्हतं. 1972 चा दुष्काळ बघितला, सुकडीच्या रांगा बघितल्या, त्यानंतर बँकेत चिकटलो आणि 1977 साली बदली झाली पुण्याला.

पुण्यात माझी खोली डेक्कनच्या बाजूला. शाखेतला एक सहकारी म्हणाला, “शनिवारी मोकळा आहेस ना? चल, तुला एक सिनेमा दाखवतो. गाणी नाहीत, मारामारी नाही, मध्यंतर नाही.” मी म्हटलं, मग आहे काय? तो म्हणाला, “सिनेमा आहे.”

त्यानं मला लॉ कॉलेज रस्त्यावर नेलं. ज्यांची मुलं पुण्यात शिकतात त्यांना प्रभात रोड माहीत असेल. त्या रस्त्याला हे नाव का, हे मुलांना विचारून बघा. 1929 साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 ला कंपनी पुण्यात आली आणि तिथं तिचा स्टुडिओ उभा राहिला. विष्णुपंत पागनीसांचा ‘संत तुकाराम’ 1936 सालचा, तो याच स्टुडिओतला. पुढच्याच वर्षी इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. देहूचा तुकाराम व्हेनिसला कळला, एवढं लक्षात ठेवा. पुढं मला याची गरज पडणार आहे.

प्रभात कंपनी पन्नाशीच्या दशकात बंद पडली. त्या जागेवर 1960 साली सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. ऋत्विक घटकांसारखा माणूस तिथं शिकवून गेला. आवारात अजून शांताराम तळं आहे, आणि ज्याच्या पारावर पोरं तासन् तास वाद घालत बसायची ते आंब्याचं झाडही. 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. आम्ही सगळे त्याला ‘अर्काइव्ह’च म्हणायचो. मी एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो आणि तिथले खेळ बघायला लागलो.

अर्काइव्ह म्हणजे काय, हे मी बँकेच्या भाषेत सांगतो. ती सिनेमाची तिजोरी. फरक एवढाच की आपल्या तिजोरीत ठेवलेलं सोनं पन्नास वर्षांनी काढलं तरी सोनंच असतं. फिल्म तशी नाही. 1950 च्या आसपासपर्यंतच्या फिल्मा नायट्रेटच्या असायच्या. त्या भडकन पेट घेतात, आणि नुसत्या पडून राहिल्या तरी आधी चिकट होतात, मग त्यांची पावडर होते. शिवाय फिल्मवर चांदीचा अंश असतो. म्हणून कित्येक निर्मात्यांनी जुनी रिळं चांदी काढण्यासाठी विकून टाकली. आपण आज रौप्यमहोत्सव करतोय म्हणून सांगतो, आपल्या देशातले कितीतरी सिनेमे रुप्याच्या भावानं गेले. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजाराच्या वर चित्रपट निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच धड उरले.

जे उरलं त्यातलं बरंचसं एका माणसाच्या चिकाटीमुळं. पी. के. नायर त्यांचं नाव. मूळचे केरळचे, सिनेमे बनवायला म्हणून घरातून निघाले आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे सिनेमे सांभाळत बसले. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालियामर्दन’, ज्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, तो आज बघायला मिळतो तो त्यांनी जमवाजमव केली म्हणून. खेळ चालू असताना ते अंधारात वहीत काहीतरी टिपत असत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ऑडिटर आहेत!

मी तिथं पहिला सिनेमा बघितला ‘बायसिकल थीव्ह्ज’. डी सिका या इटालियन दिग्दर्शकाचा, 1948 सालचा. गोष्ट चार ओळींची. महायुद्धानंतरचं रोम. बेकार माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. मग बायको घरातल्या चादरी काढते, त्या गहाण टाकतात आणि सायकल सोडवतात. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहान मुलगा ती शोधत शहरभर हिंडतात. शेवटी बापच एक सायकल चोरायला जातो आणि मुलासमोर पकडला जातो. लोक त्याला सोडून देतात. रडणाऱ्या बापाचा हात पोरगा धरतो आणि दोघं गर्दीत मिसळतात. संपलं.

आपल्याकडे 1952 साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात हा सिनेमा आला होता. तो बघून बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’ काढला. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एकच दृश्य दिसलं. चादरींचं गाठोडं घेऊन गहाणवटीचा कारकून आत जातो. कॅमेरा त्याच्या मागं वर जातो, तर छतापर्यंत फडताळं, आणि प्रत्येक फडताळात तसलीच गाठोडी. शेकड्यांनी घरांच्या चादरी.

मी सोनेतारणाच्या टेबलावर काम केलं होतं. मृग लागला की बायका यायच्या. पेरणीसाठी बोरमाळ, पुतळ्या, कुणाचे नुसते कानातले. मी वजन करायचो, कस बघायचो, पावती फाडायचो, पिशवीवर नंबर टाकायचो. नियमात एक पैशाचं चुकत नव्हतो. पण समोरच्या बाईकडे मान वर करून बघितल्याचं मला आठवत नाही. रोमच्या त्या कारकुनाच्या जागी मला मीच दिसलो. सिनेमा संपला, दिवे लागले, सहकारी म्हणाला, “कसा वाटला?” मी म्हटलं, “चहा पिऊ.”

लग्नानंतर सौभाग्यवतींनाही नेऊ लागलो. त्या समोरच बसल्या आहेत, चुकलं तर उभ्या राहून दुरुस्ती करतील. त्यांना ‘पथेर पांचाली’ दाखवला. सत्यजित रायांचा, 1955 सालचा. मी आपला वाटेत समजावून सांगतोय, हा फार मोठा कलात्मक सिनेमा आहे वगैरे. त्यात एक म्हातारी आत्या आहे, इंदिर ठाकरुन. कंबरेत वाकलेली, सुनेच्या बोलण्यामुळं गाठोडं उचलून निघून जाणारी. बाहेर आल्यावर ह्या रस्त्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “आवं, ही तर आमच्या वाड्यातली आत्याबाई. यात कलात्मक काय आलं?” त्यांच्या माहेरी, अहमदपूरकडे, परसातल्या खोलीत अशी एक बालविधवा आत्या आयुष्यभर राहिली होती. ताट त्या खोलीतच जायचं. त्या दिवाळीला ह्या आत्याबाईंना पुण्याला घेऊन आल्या आणि महिनाभर ठेवून घेतलं. सारसबाग दाखवली, पर्वती दाखवली. मी त्यांना सिनेमाला नेऊ का विचारलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांना कशाला? त्यांना माहीत आहे की सगळं.”

असो. 1983 साली माझी बदली लातूरला झाली. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. सगळ्या गावात एक नवा उत्साह होता, रोज कुठल्या तरी कार्यालयाची पाटी लागायची. आम्हा चार-पाच जणांना वाटलं, नव्या जिल्ह्याला फिल्म सोसायटी का नको? 1947 साली कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी सोसायटी काढली, 1959 ला अशा सोसायट्यांचा देशपातळीवर महासंघ झाला, मुंबई-पुण्यात चालतातच. एका शाळेनं हॉल दिला, एकानं सोळा एम.एम.चा प्रोजेक्टर मिळवला. वर्गणी वर्षाला चाळीस रुपये. बासष्ट सभासद झाले. बँकवाला म्हणून खजिनदार मी.

आता मजा ऐका. अर्काइव्हमधून सोसायट्यांना सोळा एम.एम.च्या प्रती मिळायच्या. ती पत्र्याची पेटी पुण्याहून कुर्डुवाडीला यायची आणि कुर्डुवाडीला उतरून आपल्या बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत चढायची. अडीच फुटांचा तो रूळ. जुन्या मंडळींना आठवत असेल, उतरून बोरं वेचून पुन्हा गाडी पकडता येते असं आपण म्हणायचो. त्या गाडीतून गुळाच्या ढेपा आणि डाळीच्या पोत्यांच्या शेजारी बसून डी सिका आणि सत्यजित राय लातूरला आले आहेत!

पेटी स्टेशनवरून आणायचं काम आमच्या शाखेतल्या शिपाईमामांचं. निलंगा तालुक्यातले, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सही करण्यापुरतं शिकलेले. पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे आणि आणलीच आहे म्हणून खेळालाही बसायचे. मागं, दाराजवळ, चप्पल काढून.

‘बायसिकल थीव्ह्ज’ लागला त्या दिवशी मी ठरवलं, खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मामांसारख्यांना कशी कळणार? म्हणून बॅटरी घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लागलो. दहा मिनिटं झाली असतील. मागून मामांचा आवाज आला, “साहेब, तुम्ही गप बसा. मला समजलालंय.”

सगळा हॉल हसला. मी गप बसलो. रीळ बदलताना दिवे लागले तेव्हा बघितलं, मामा खिडकीतून बाहेर लावलेली स्वतःची सायकल बघून येत होते. दुसऱ्या दिवशी शाखेत मला एवढंच म्हणाले, “पोरगं संगं होतं म्हणून सोडलं बघा लोकांनी.” मी पुस्तकातून या सिनेमाबद्दल पुष्कळ वाचलं होतं, मामांनी जे बघितलं होतं ते मला दिसलंच नव्हतं.

पण सोसायटी चालली नाही. कारणं सांगतो, लपवत नाही. फिल्म सोसायट्यांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असायची, आणि बासष्टपैकी निम्मे सभासद त्या आशेनं झालेले होते. दोन-तीन खेळांत कळलं की इथं म्हाताऱ्या, पाऊस आणि आगगाड्या दाखवतात; ते गळाले. काही घरच्या टीव्हीमुळं गळाले, काही लोडशेडिंगमुळं. चौदाव्या महिन्यात अकरा जण उरले. हॉलचं वीजबिल आणि पेटीचं भाडं दोन वेळा मी खिशातून भरलं. तिसऱ्या वेळी मात्र खजिनदार म्हणून मीच ठराव मांडला की सोसायटी बंद करावी. हिशेब चोख होता, ताळेबंद जुळला. अकराही जणांनी सह्या केल्या.

मामा सभासद नव्हते, त्यामुळं त्यांची सही लागली नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही. पंधरा दिवसांनी चहा ठेवताना त्यांनी विचारलं, “साहेब, पुढचा खेळ कधी हाय?” माझ्या तोंडून गेलं, “पुढच्या महिन्यात.”

पुढच्या महिन्यात त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. एकदा खोटं बोललं की खातं उघडलं जातं, मग व्याज चढत जातं. दोन वर्षं मी त्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात’ सांगत होतो. नंतर माझी बदली नांदेडला झाली. निरोपसमारंभात मामांनी हार घातला आणि हळूच विचारलं, “मग नांदेडला खेळ लावणार का?” मी म्हणालो, “बघू.”

30 सप्टेंबर 1993 ची पहाट इथं कुणाला सांगायला नको. आपल्या सोसायटीतल्या प्रत्येक घरात त्या पहाटेचं काहीतरी आहे. सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा नांदेडला होतो. आठ-दहा दिवसांनी आम्ही बँकेतले काही जण कपडे, धान्य घेऊन त्या भागात गेलो. मामा निवृत्त होऊन गावी राहतात हे माहीत होतं. विचारत विचारत गेलो. घर पडलं होतं. माणसं वाचली होती, कारण गणपती विसर्जनाच्या रात्री जागरण करून ती सगळी अंगणातच झोपली होती. मामा पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर बसले होते, पाय प्लॅस्टरमध्ये. मला बघितलं, ओळखलं. मला काय बोलावं सुचेना. तेच म्हणाले, “साहेब, पुढचा खेळ कधी?”

मी खाली बसलो आणि म्हणालो, “मामा, ती सोसायटी आम्ही तेव्हाच बंद केली होती. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

मामा म्हणाले, “मला ठाव हाय की. प्रोजेक्टर परत न्यायला मीच गेलो होतो की सायकलवर.”

“मग दर महिन्याला विचारत का होता?”

“तुम्ही पुढच्या महिन्यात म्हणायचे. ऐकून बरं वाटायचं.”

एवढंच. नंतर त्यांनी मला शेजारच्या शेडमधल्या लोकांना घोंगड्या मिळाल्या नाहीत, त्यांची यादी सांगितली. मी लिहून घेतली. दोन-तीन वर्षांनी मामा गेल्याचं कळलं.

आता अर्काइव्हचं पुढं काय झालं तेही सांगतो. नायरसाहेब 1991 ला निवृत्त झाले. 2003 च्या जानेवारीत नायट्रेटच्या जुन्या रिळांना आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं गेली; ज्यांच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या तेवढं वाचलं. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 2012 साली नायरसाहेबांवर ‘सेल्युलॉइड मॅन’ नावाचा माहितीपट केला. 2016 च्या मार्चमध्ये नायरसाहेब वारले. ती बातमी मी कुठं वाचली माहीत आहे? आपल्या गेटपाशी, घागरी लावून टँकरची वाट बघताना. त्यानंतर पुढच्या महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. ज्या मार्गानं आमची पेटी यायची, त्याच मार्गानं, फक्त रूळ रुंद झालेले. 2022 मध्ये अर्काइव्ह राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. आता जुने चित्रपट स्वच्छ करून संगणकावर उतरवले जात आहेत, चांगली गोष्ट आहे. आज यातले कितीतरी सिनेमे तुमच्या खिशातल्या मोबाईलवर बघता येतात. पेटी नको, बार्शी लाइट नको, मामा नकोत.

आणि तिथंच माझी अडचण आहे. मोबाईलवर मी ‘बायसिकल थीव्ह्ज’ परत बघितला. चांगला दिसतो. पण मागून कुणी “गप बसा” म्हणालं नाही. संपल्यावर माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं. टँकरच्या त्या दोन महिन्यांत आपण गेटपाशी जेवढे एकमेकांशी बोललो, तेवढे नंतर बोललेलो नाही, हे खरं की नाही सांगा. पाणी आलं, आपापल्या घरात गेलो. मागच्या वर्षी आपल्याच एका विंगमध्ये एक काका दोन दिवस आजारी पडून होते. दारातल्या दुधाच्या पिशव्या बघून दूधवाल्यानं बेल वाजवली. आपल्यापैकी कुणी वाजवली नाही. मीही त्याच मजल्यावर राहतो.

म्हणून मी कार्यकारिणीकडे लेखी अर्ज दिला आहे. हे सभागृह वर्षातून चार हळदीकुंकू, दोन वार्षिक सभा आणि पाच-सहा बारशांना उघडतं. मला ते महिन्यातून एका संध्याकाळी पाहिजे. प्रोजेक्टर मी माझ्या पैशातून घेतला आहे. चित्रपट दाखवण्याची परवानगी, कागदपत्रं, हिशेब, सगळं मी बघतो. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. वर्गणी नाही. मध्यंतर नाही. मोबाईल दारातल्या टोपलीत. वॉचमन, कामाला येणाऱ्या मावश्या, लिफ्टवाला मुलगा, सगळ्यांना खुर्ची. दाराजवळ चप्पल काढून कुणी बसायचं नाही.

पहिला चित्रपट ‘संत तुकाराम’. देहूचा तुकाराम व्हेनिसला कळला, तर ए विंगचा बी विंगला कळायला हरकत नाही. दुसरा कुठला हे तुम्ही ओळखलंच असेल. आणि मी पडद्याशेजारी बॅटरी घेऊन उभा राहणार नाही, हा शब्द देतो.

अकराच जण आले तर? येऊ द्या. मागच्या वेळी मी अकरा हा आकडा तोट्याच्या बाजूला लिहिला होता. ती माझी चूक होती.

कार्यकारिणीनं सहा महिन्यांसाठी मंजुरी दिली आहे, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. तेव्हा इथून बाहेर पडताना कुणी मला विचारलंच, की काका, पुढचा खेळ कधी, तर या वेळी उत्तर तयार आहे. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी साडेसहा. नोटीस बोर्डावर लावली आहे, खाली माझी सही आहे.